गडग्यापलीकडचं वाळवंट

“बघलंस गो? परत टँकर आला.”

वयनी गडग्यापाशी आली की पहिलं वाक्य हे असं. बरी आहेस का, जेवलीस का, ते सगळं मागाहून. आमच्या दोघींच्या परसांमधला हा गडगा चिऱ्याच्या तुकड्यांचा, नुसता रचलेला, छातीएवढा. त्यावरून आजवर काय काय पलीकडे गेलं असेल ते देव जाणे: आंबाडे, नारळ, उसनी साखर आणि अर्ध्या धारगळ गावच्या बातम्या. हल्ली मात्र बातमी एकच असते. वळणावर दिल्लीवाल्यांनी बंगला बांधलाय आणि बंगल्यापुढे लॉन केलंय.

“कुणाच्या विहिरीचं पाणी गो ते टँकरात?” मी विचारलं.

“ते विचारू नको. कळलं तर त्या माणसाच्या घरी चहाला जाणं बंद करावं लागेल, आणि त्यांच्याकडे चहा बरा असतो.”

लॉनची जन्मकथा वयनीला पाठ आहे, कारण ती घडली तेव्हा ती इथेच उभी होती. आधी जेसीबी आला. सड्याचा, म्हणजे कातळाच्या पठाराचा तो कोपरा; करवंदीच्या जाळ्या, दोनचार काजू, एक वाकडं चाराचं झाड. जेसीबीने सगळं उपटलं, उंचवटा तासला आणि वरची जी काय थोडी माती होती ती खरवडून नेली. उरला नुसता चिरा. मग बाहेरून लाल मातीचे ट्रक आले, वीतभर थर पसरला आणि त्यावर नर्सरीतून गुंडाळ्या करून आणलेलं गवत अंथरलं. कडेने खड्डे खणून बॉटल पाम लावले.

“खड्डे कसले, चिऱ्यात कोरलेले हौद ते. आता त्यांत पाणी ठरत नाही म्हणून रडतायत, आषाढात हटत नाही म्हणून रडतील. चिरा हा असाच. उन्हात फटीफटीने सगळं पिऊन टाकतो, आणि पावसात एकदा पोट भरलं की वर थेंब घेत नाही.”

बाहेरच्या माणसांना हे पटत नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं? गोवा म्हटलं की पाऊस, नारळ, हिरवंगार. वर्षाला सरासरी 3000 मिलीमीटर पाऊस पडतो इथे. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. दसरा झाला की आभाळ जे कोरडं होतं ते थेट वळवापर्यंत. आणि वयनी ऊठसूट जिचं नाव घेते त्या दुबईत वर्षाला सरासरी 100 मिलीमीटरसुद्धा पडत नाही. आकडे ऐकून मी एकदा वयनीला म्हटलं होतं, “म्हणजे आपण केवढ्या श्रीमंत!”

“श्रीमंत? चार महिने पगार आणि आठ महिने उधारी, याला श्रीमंती म्हणतात का गो?”

वयनीला हे दुबईचं वेड तिच्या धाकट्यामुळे. तो तिकडे बागा राखणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. आधी आम्हाला वाटायचं, वाळवंटात कसल्या बागा, पोरगा आईला बरं वाटावं म्हणून सांगत असेल. मग दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो रस्त्याच्या कडेची बोगनवेल, दुभाजकातली पेटुनिया, कण्हेरीच्या रांगा दाखवायला लागला आणि वयनीचं तोंड बंद झालं. म्हणजे तेवढ्यापुरतं. आता ती इकडच्या प्रत्येक झाडाला तिकडचा कायदा लावून बघते आणि कुठला लागू पडतो, कुठला नाही, याचा निकाल या गडग्यावर लागतो.

पाणी घालण्याची गोष्टच घे. दिल्लीवाल्यांचा माळी झारखंडचा, बिचारा सांगितलेलं करतो. भर बारा वाजता पाइप घेऊन फवारा मारतो. तिकडे दुबईत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायलाच बंदी आहे, सरकारी नियम. झाडांना पाणी पहाटे, नाहीतर रात्री, तेही जमिनीलगतच्या नळ्यांतून थेंबथेंब. “दुपारी पाणी मारलं की पानं करपतात,” असं मी माळ्याला सांगायला गेले, तर वयनीने मला अडवलं. धाकट्याच्या मते गुळगुळीत पानावरच्या थेंबाने पान करपतं ही जुनी समजूत. खरं नुकसान पाण्याचं, कारण निम्मं मुळाशी पोचण्याआधीच उडून जातं. माळ्याला काहीतरी भीती घातली तरच तो ऐकणार, असं माझं मत. वयनीचं मत, खोटं सांगून लावलेली सवय मालकाने एकदा जोरात विचारलं की सुटते.

दुसरं म्हणजे रोज थोडं थोडं पाणी. हा रोग आपल्याकडेही आहे. संध्याकाळी नळाला पाणी आलं की बायका पाइप धरून प्रत्येक झाडाच्या पायावर शिंतोडे उडवतात. वरची बोटभर माती भिजते, मुळं पाण्याच्या आशेने वरवरच पसरतात आणि चैत्रात माती तापली की तीच मुळं पहिली भाजतात. वाळवंटातला रिवाज उलटा. चारपाच दिवसांनी एकदा, पण हातभर खोल ओल जाईल एवढं. आणि पाणी बुंध्याला नाही, फांद्यांची सावली जिथे संपते तिथे. पिणारी मुळं तिथे असतात. आमच्या नारळांची आळी जुन्या माणसांनी बुंध्यापासून लांब, ऐसपैस गोल काढलेली आहेत ती काय उगाच? त्या आळ्यात नारळाची सोडणं पुरायची, वर झावळ्या टाकायच्या. सोडण पावसात पाणी शोषून धरतं आणि पुढे कितीतरी दिवस हळूहळू सोडतं. हे आमच्या सासवांना कुणी दुबईहून कळवलं नव्हतं.

“दिल्लीवाली मात्र रोज सकाळी काजूची पानं झाडून घेते आणि जाळते,” वयनी म्हणाली. “मी म्हटलं, बाई, जाळतेस कशाला, झाडांच्या पायात टाक. तर म्हणते, ‘आंटी, दीमक लग जाएगी.’ तेही खोटं नाही मगे. वाळवी लागते. पण बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडली आणि मधून मधून पाला हलवला, तर कशाला लागेल? आळशी माणसाच्या आळ्यात वाळवी.”

खताच्या बाबतीत मात्र दुबईचा कायदा इथे साफ आडवा येतो. तिथली वाळू चुन्याची, पाणी खारं; बागांना बहुतेक सांडपाणीच शुद्ध करून देतात. क्षार साठतात म्हणून मधून मधून भरपूर पाणी सोडून ते धुऊन काढावे लागतात, आणि पानं पिवळी पडली की झाडांना लोह विकत आणून घालावं लागतं. धाकट्याने एकदा त्या लोहाच्या पुड्याचा फोटो पाठवला. किंमत बघून वयनी हसत सुटली.

“लोखंड विकत! आमच्या डिचोलीचं लोखंड बोटी भरभरून चीनला गेलं, जपानला गेलं, आणि यांना पुडीत मिळतं!”

आमच्या लाल मातीत लोह नको तितकं आहे. माती आम्ल, आणि तिच्यातलं लोह नि अॅल्युमिनियम स्फुरदाला असं धरून ठेवतं की खत घातलं तरी झाडाच्या तोंडी लागत नाही. म्हणून इथे शेणखत, कुजका पाला आणि बेताने चुना. कुणी इंटरनेटवर वाळवंटी बागेचा नुस्खा वाचून इथे लोहाचं औषध टाकायला लागला, तर पैसे चिऱ्यातच गेले म्हणून समजावं.

डिचोलीचा विषय निघाला की वयनी गडग्यावरून हलत नाही. तिचं माहेर त्या बाजूचं, शिरगावच्या जवळ. पेडण्यात सून म्हणून आली त्याला काळ लोटला, पण लईराई देवीची जत्रा तिने कधी चुकवल्याचं मला आठवत नाही. वैशाख शुद्ध पंचमीला देवीचे भक्त, धोंड, हातात वेताची काठी घेऊन होमकुंडातून चालतात, आणि देवीला मान मोगरीच्या कळ्यांचा. विचार कर, वैशाख! विहिरीचा तळ दिसतो, कातळावर पाय ठेववत नाही, आणि त्याच दिवसांत त्या मुलखात मोगरीच्या कळ्यांचे ढीग लागतात. उन्हाळ्यात बागेत काही फुलत नाही म्हणणाऱ्याला शिरगावच्या जत्रेत नेऊन उभं करावं.

“मोगरीला ऊन लागतंच गो. पण तिला आधी उपाशी ठेवावं लागतं,” वयनी सांगते. पौषात तिचं पाणी तोडायचं. पानं मलूल झाली की फांद्या निम्म्यावर छाटायच्या, पायातली माती उकरून मुळांना थोडं ऊन दाखवायचं, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. नवी फूट येते ती कळ्या घेऊनच. जो वर्षभर लाडाने पाणी घालतो त्याला पानं मिळतात. बोगनवेलीचंही तेच. दिल्लीवाल्यांनी कुंपणाला राणीरंगाची बोगनवेल लावली आणि तिला लॉनचीच पाण्याची नळी जोडली. वेल एवढी माजली की छपरावर गेली, फूल नावाला नाही. आणि आमच्या बसस्टॉपमागची बोगनवेल, जिला कुणी आंघोळीचं पाणीसुद्धा घालत नाही, ती डिसेंबरपासून रंगाने लाल झालेली. मूळची ब्राझीलकडची ती. कोरड्या दिवसांत फुलायचं हे घरूनच शिकून आलीय.

पण शिरगावचं सगळंच काही मोगरीसारखं गोड नाही. त्या गावाच्या कुशीत लोहखनिजाच्या खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या. खड्ड्यात पाणी येतं म्हणून ते पंपांनी रात्रंदिवस उपसलं आणि गावच्या विहिरी आटल्या. ज्या गावात देवीला फुलांचा मान, तिथे माणसं टँकरची वाट बघत बसली. वयनी तेव्हा माहेरी गेली की परतताना चिडूनच यायची. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी बंद केल्या, महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. मग सुरू, मग 2018 मध्ये परत बंद, आणि 2024 मध्ये डिचोलीत लिलावानंतरचं काम चालू झालं. एवढ्या काळात हिरवळ आली ती डंपांवर.

डंप म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मुरमाचे डोंगर. गोव्यात खरंखुरं वाळवंट बघायचं असेल तर समुद्रकिनारी जाऊ नये, डिचोली-साखळीच्या वाटेवर एखाद्या उघड्या डंपाखाली उभं राहावं. मातीत कुजकं काही नाही, गांडूळ नाही, बुरशी नाही. एप्रिलात हात लावला तर चटका बसतो, आणि जुलैत तोच डोंगर चिखल होऊन खालच्या शेतात उतरतो. त्याला धरून ठेवायला खाणवाल्यांनी लावली ऑस्ट्रेलियाची अकेशिया, कुठे सुरूची झाडं, कुठे काजू. अकेशिया झपाट्याने वाढते, हवेतला नत्र मातीत घालते, काहीच नसलेल्या जागी उगवते. तिचं हे ऋण मान्य करायला हवं. पण तिच्या वाळक्या पानांचा थर असा जाड बसतो आणि इतका हळू कुजतो की खाली दुसरं झाड सहसा डोकं वर काढत नाही. लांबून बघितलं तर हिरवा डोंगर, आत शिरलं तर ना पक्ष्यांची गडबड, ना करवंद. साखळीच्या जुन्या खाणीवर बऱ्याच वर्षांत बरं काम झालं, खड्ड्यांत मासे सोडले, फुलपाखरांची बाग केली, नाना जातीची झाडं लावली, ते वयनीलाही मान्य. “पण बाय,” ती म्हणते, “आधी ओसाड करून मग बाग दाखवायची, यात कौतुक कुणाचं?”

मी म्हटलं, काजूने मात्र नाव राखलं. ब्राझीलमधून पोर्तुगिजांनी आणलेलं झाड, पण सड्यावर असं रुजलं की आता त्याला परकं म्हणायची कुणाची छाती नाही. पाणी घालावं लागत नाही, सावली देतं, आणि उन्हाळ्यात वर बोंडांची दारू मिळते, हुर्राक. वयनीने हुर्राकाचा विषय शिताफीने टाळला, कारण भावजी पडवीत बसून ऐकत होते.

तिच्या माहेरची एक गोष्ट मात्र मी मुकाट्याने उचलली आहे. डिचोलीचे कुंभार. त्यांची मडकी, बिनरंगाची, बिनझिलईची. असं एक मडकं झाडाच्या बाजूला गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाणी भरायचं आणि वर पसरट खापर ठेवायचं. माती वाळली की मडक्याच्या अंगातून पाणी बाहेर ओढलं जातं. माती ओली असली की थांबतं. नळी नाही, मोटर नाही, टायमर नाही. झाडाची मुळं येऊन मडक्याला गुंडाळून बसतात. ही युक्ती फार जुनी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीच्या पुस्तकातसुद्धा तिचं वर्णन आहे. मापशेच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारी रंगवलेली शोभेची मडकी इथे चालत नाहीत. रंगाने छिद्रं बुजतात. खापर झाकलं नाही तर डास होतात, आणि डेंग्यूच्या माणसाला बागेचं कौतुक सांगून उपयोग नाही. पावसाच्या आधी ती उकरून काढून माळ्यावर ठेवायची, नाहीतर श्रावणात मूळ कुजतं आणि दोष कुंभाराला जातो.

“आणि एसीचं पाणी?” वयनीने आठवण केली. हे तिचं खास लाडकं. धाकट्याने सांगितलं की त्या उंच बुर्ज खलिफाच्या एसींतून ठिबकणारं पाणी गोळा करून भोवतालच्या बागांना देतात, वर्षाला दीड कोटी गॅलनच्या घरात. त्या दिवसापासून वयनीच्या घरच्या एकुलत्या एसीच्या नळीखाली बादली. आमच्या दमट हवेत ती भराभर भरते. पाण्यात क्षार नाहीत, तुळशीला उत्तम. पण तुळशीला एसीचं पाणी चालतं का, यावर तिच्या घरात एक दिवसभर धुसफूस झाली. शेवटी भावजींनी निकाल दिला: पाणी हवेतलं, म्हणजे पावसाचंच, फक्त लवकर पडलेलं.

आता अडेनियमबद्दल. हे प्रकरण जरा नाजूक आहे, कारण ते रोप वयनीला वाढदिवसाला नातीने दिलं. नर्सरीवाला म्हणाला, “वाळवंटातला गुलाब आहे, मावशी, पाणी नाही घातलं तरी चालतं.” खरंच चालतं. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेतलं झाड, फुगलेल्या बुंध्यात पाणी साठवून ठेवतं. नोव्हेंबरपासून मेपर्यंत त्याने वयनीच्या पायरीवर अशी फुलं दिली की येणारा-जाणारा थांबायचा. मग मृग आला. रोप अंगणातच राहिलं. आषाढात बुंधा बोटाने दाबला तर आत गेला.

“माझी नात मला विचारते, आजी, माझं झाड खंय? काय सांगू? बुडून मेलं म्हणून?”

दुसऱ्या वर्षी धाकट्याकडून रीतसर शिकून घेतलं. कुंडी उथळ, खाली मोठं भोक. मातीत निम्मी तरी जाड वाळू आणि चिऱ्याची बारीक खडी. पावसाळाभर वळचणीच्या आत, जिथे ऊन येतं पण पागोळी येत नाही, आणि दसऱ्यापर्यंत एक थेंब पाणी नाही. पानं गळाली तर गळू दे, झोपलंय ते. छाटताना चीक हाताला लागू द्यायचा नाही; आफ्रिकेत तो बाणांना लावतात. वाळवंटाच्या झाडाला गोव्यात मारतो तो उन्हाळा नव्हे, जुलै. हे कुठल्याही नर्सरीवाल्याने फळीवर लिहून लावावं, पण मग त्याने दरवर्षी नवं रोप कुणाला विकावं?

वाळवंटाला पाऊस कसा झेपत नाही ते धाकट्याने 16 एप्रिल 2024 ला स्वतः पाहिलं. अल ऐनकडच्या खत्म अल शकला नावाच्या जागी एका दिवसाच्या आत 254.8 मिलीमीटर पाऊस पडला, 1949 पासून नोंदी ठेवल्या जातायत त्यात सगळ्यात मोठा. दुबईचा विमानतळ पाण्यात, गाड्या तरंगतायत. आमच्याकडे आषाढात असा एखादा दिवस आला तर शाळेला सुटी देतात आणि माणसं कांदाभजी करतात. त्याने बघितलेली गंमत अशी की पेटुनियाचे वाफे गेले, पण घाफची झाडं धुऊन पुसून तशीच उभी.

घाफ म्हणजे कोण? अमिरातीचं राष्ट्रीय झाड. मुळं तीस मीटर खोल जातात म्हणे. हे झाड म्हणजे आपली शमी! पांडवांनी विराटाच्या दारी जिच्यावर शस्त्रं लपवली ती. वयनीला हे कळल्यावर तिने लगेच फर्मान काढलं की धाकट्याने दसऱ्याला त्या झाडाला नमस्कार करून फोटो पाठवावा. पाठवला त्याने, सेफ्टी हेल्मेट घालून.

“मग आपण का लावत नाही गो ती?” मी विचारलं.

“लाव की. पण इथला पाऊस तिला रुचेल असं वाटत नाही. तिची कोरडी जमीन वेगळी, आपली वेगळी. आपल्याला आठ महिने तहान आणि चार महिने बुडणं, दोन्ही सोसणारं झाड हवं.”

तशी झाडं आमच्या सड्यावर मुबलक आहेत, पण नर्सरीत मागितली तर माणूस तोंडाकडे बघतो. आमच्या पेडण्यातल्याच मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन, पुढच्या 5 जानेवारीपासून विमानं. त्याआधी श्रावण-भाद्रपदात त्या कातळावर गेलं की पायाखाली सीतेची आसवं, गेंद, दीपकाडी. वैशाखात गेलं तर काळा कातळ, जणू कधी काही नव्हतंच. ती सगळी मंडळी तहान सोसत नाहीत, चुकवतात. कंद खाली गाढ झोपतो, बी फटीत दडतं. आणि सड्यात मुरलेलं पाणी खालच्या गावांत झऱ्यांनी बाहेर पडतं, त्यावर कुळागरं उभी. पठारावर काँक्रीट पडलं की त्या झऱ्यांचं काय, हा प्रश्न पेडण्यात बागाईत असलेल्या प्रत्येक घरात निघतो. आता विमानतळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना शोभेची झाडं ओळीने लावली आहेत. दिसायला छान दिसतात, खोटं कशाला बोलू? पण त्यांना पाणी द्यायला टँकर लागतो, आणि कातळावरच्या दीपकाडीला कधी लागला नव्हता.

किनाऱ्यावर मांद्रे-मोरजीला तर याहून वाईट. वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेल आपली आपण पसरते, जांभळी फुलं, खारा वारा खाऊन जगते आणि वाळू जागेवर धरते. तिला कचरा समजून उपटायचं आणि तिथे लॉन अंथरायचं, ही कुठल्या शहाण्याची कल्पना? दुबईत बघ, मिरॅकल गार्डन म्हणून केवढी फुलांची जत्रा आहे, 2013 पासून. पैशाला तोटा नाही, तरी उन्हाळा आला की दार लावून घेतात. ज्यांनी वाळवंटात फुलांचे किल्ले उभे केले ते जून-जुलैशी भांडत नाहीत. आणि हे मे महिन्यात धारगळात गवत हिरवं ठेवणार!

माझं परस त्या मानाने बरं आहे. कळलावीचे कंद आता मातीत झोपलेत, त्यांना मी पाणी दाखवत नाही. जून आला की आपोआप उठतील आणि चतुर्थीपर्यंत गणपतीच्या माटोळीला फुलं देतील. अबोलीला मात्र रोज लक्ष लागतं, पण अबोलीशिवाय परस कसलं? माणसाने एकदोन लाड करावेत. सगळीच बाग कंजूस केली तर संध्याकाळी बाहेर बसायचं कशासाठी?

एवढं बोलणं होईस्तोवर दिल्लीवाली स्वतःच गडग्यापाशी आली. वयनीने पदर सारखा केला आणि चेहरा असा काही ठेवला की आतापर्यंत आम्ही दोघी पापडाबद्दलच बोलत होतो.

“आंटी, आपका मोगरा इतना अच्छा कैसे है? हमारे यहाँ तो रोज़ पानी देते हैं.”

“इसीलिए,” वयनी म्हणाली.

मग अर्धा तास शिकवणी चालली. वयनीचं हिंदी दूरदर्शनचं, पण मुद्दा पोचला. लॉनचा मागचा निम्मा भाग सोडून द्यायचा, तिथे करवंद आणि पिटकुळी येऊ द्यायची. पामचे खड्डे एका बाजूने फोडून पाण्याला उताराकडे वाट काढून द्यायची, तीही पाऊस लागायच्या आत. बोगनवेलीची नळी आजच तोडायची. दिल्लीवालीने सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. बाई वाईट नाही हो. तिच्या आर्किटेक्टने चित्र काढलं आणि तिने ते खरं मानलं, एवढंच. मडक्यांचं ऐकून तर ती हरखलीच. उद्याच डिचोलीला जाऊ म्हणाली, गाडी आहे, तुम्ही दोघी चला.

ती गेल्यावर मी वयनीला म्हटलं, “बरं झालं. गाडी तिची, पेट्रोल तिचं. आपलीही चारसहा मडकी येतील.”

“येतील. पण तिला गाडीतच बसवून ठेव हां. भाव मी करणार. हे लोक कुंभार सांगेल ती किंमत देऊन मोकळे होतात, आणि मग पुढच्या वर्षी आम्हालाही तीच द्यावी लागते.”